तुमचे फोटो, तुमचे प्रश्न : प्रिव्ह्यू आणि एक्स्पोर्टची भानगड

यंदा आपल्या इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आणि लग्नसराई मागोमाग आली आणि त्यामुळे या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, की स्क्रीनवर दिसतं ते वेगळं, लॅबमधून येतं ते वेगळं आणि नातेवाइकांच्या मोबाइलवर पोचतं ते आणखीनच वेगळं. म्हणून कॅमेरा कुठला घेऊ, लेन्स कुठली घेऊ हे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत, कृपया रागावू नका. आज फक्त प्रिव्ह्यू आणि एक्स्पोर्ट.

उत्तरं वाचायच्या आधी एवढं एकच डोक्यात पक्कं ठेवा. लाइटरूम, डार्कटेबलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही फोटो एडिट करता तेव्हा मूळ रॉ फाइलला, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाइलला, हातही लागत नाही. एक्स्पोजर इतकं वाढवलं, इथे क्रॉप केलं, अशी नुसती नोंद होत जाते. तुम्हाला जे दिसतं तो त्या नोंदींवरून बनवलेला तात्पुरता जेपीजी असतो, तो प्रिव्ह्यू. एक्स्पोर्ट दाबलं की सॉफ्टवेअर परत मूळ रॉकडे जातं, सगळ्या नोंदी पहिल्यापासून लावतं आणि नवीन फाइल बनवून देतं. जुन्या भाषेत सांगायचं तर रॉ म्हणजे निगेटिव्ह, प्रिव्ह्यू म्हणजे बघायला काढलेली कॉन्टॅक्ट प्रिंट आणि एक्स्पोर्ट म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची प्रिंट. या तिघांत गल्लत झाली की पुढचे सगळे घोटाळे होतात.

ताई नमस्कार, मी लोकमान्य नगरला राहतो, लग्नाचे फोटो काढतो. माझ्या लॅपटॉपची सी ड्राइव्ह लाल झालीये, शोधलं तर लाइटरूमच्या फोल्डरमध्ये प्रिव्ह्यूज डॉट एलआरडेटा नावाचं काहीतरी ऐंशी जीबीचं बसलंय. मित्र म्हणतो उडवून टाक काही होत नाही, पण माझी हिंमत होत नाहीये, त्यात दोन वर्षांची कामं आहेत. काय करू?

मित्राचं म्हणणं बरोबर आहे पण अर्धंच, आणि उरलेलं अर्धं ऐकल्याशिवाय डिलीट दाबू नका.

त्या फोल्डरमध्ये फक्त प्रिव्ह्यू आहेत, म्हणजे लायब्ररीत फोटो पटापट दिसावेत म्हणून बनवून ठेवलेले जेपीजी. तुमचं एडिटिंग त्यात नाही. एडिटिंग आहे डॉट एलआरकॅट नावाच्या फाइलमध्ये, तोच तुमचा कॅटलॉग. तर लाइटरूम पूर्ण बंद करून प्रिव्ह्यूजवालं फोल्डर उडवलं तर एडिटिंग जसंच्या तसं राहतं, आणि जसजसे तुम्ही फोटो उघडाल तसतसे प्रिव्ह्यू परत बनतात. पहिले एकदोन दिवस सगळं रखडत चालेल, ग्रिडमध्ये राखाडी चौकोन दिसतील, घाबरू नका.

पण यात एक अट आहे, ती म्हणजे मूळ रॉ फाइली तुमच्याकडे असल्या पाहिजेत आणि लाइटरूमला त्या सापडल्या पाहिजेत. एखाद्या जुन्या लग्नाचे रॉ तुम्ही जागेसाठी उडवून टाकले असतील किंवा ती हार्ड डिस्क बंद पडली असेल तर त्या लग्नाचा तुमच्याकडे उरलेला शेवटचा पुरावा म्हणजे हे प्रिव्ह्यूच, आणि ते एकदा गेले की परत बनणार नाहीत कारण बनवायला मागे काही नाही. ॲडोबीनेच अशा वेळी प्रिव्ह्यूमधून जेपीजी बाहेर काढायची युक्ती दिलेली आहे, म्हणजे विचार करा किती लोक त्या प्रसंगातून गेले असतील. त्यामुळे आधी लायब्ररी मेनूतून फाइंड ऑल मिसिंग फोटोज करून बघा, यादी रिकामी आली तरच पुढे जा.

आणि त्याच फोल्डरमध्ये सारख्या नावाच्या आणखी फाइली असतात तिथे फार जपून. डॉट एलआरकॅटला तर हात लावायचाच नाही, आणि त्याच्या शेजारी एलआरकॅट-डेटा अशी एक असते, ती २०२१ च्या व्हर्जनपासून येते, तिला बरेच जण कॅश, म्हणजे परत बनणारा तात्पुरता साठा, समजून उडवतात. ती कॅश नाहीये. मास्कचं काम, म्हणजे नवरीचा चेहरा सिलेक्ट करून उजळवलेला वगैरे, त्याचा डेटा तिच्यात असतो. स्मार्ट प्रिव्ह्यूज नावाचं फोल्डर वेगळं, त्याच्याबद्दल पुढच्या प्रश्नात सांगते.

खरं तर एवढं सगळं उडवायची गरजच पडू नये. ऐंशी जीबी होण्याचं कारण बहुतेक वेळा वन-टू-वन प्रिव्ह्यू. साधा स्टँडर्ड प्रिव्ह्यू तुमच्या स्क्रीनच्या मापाचा असतो, पण वन-टू-वन म्हणजे फोटोतला पिक्सेलन् पिक्सेल, २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा तर ६००० बाय ४०००. इम्पोर्ट करताना तो पर्याय निवडून ठेवला असेल तर लग्नाच्या हजारो फोटोंचे हे थप्पीने साठत जातात. कॅटलॉग सेटिंग्जमध्ये फाइल हँडलिंगला जा, तिथे हे प्रिव्ह्यू कधी टाकून द्यायचे ते विचारतं, एक दिवस, एक आठवडा, तीस दिवस, कधीच नाही. तुमच्याकडे नक्की 'कधीच नाही' असणार. आठवडा करा. ज्या लग्नांची डिलिव्हरी झाली ती सिलेक्ट करून लायब्ररी मेनूतल्या प्रिव्ह्यूजमधून डिस्कार्ड वन-टू-वन करा, बस.

आणखी एक, आपल्या भागातल्या बऱ्याच मुलांची समजूत आहे की वन-टू-वन बनवून ठेवले की एक्स्पोर्ट फास्ट होतं. होत नाही. एक्स्पोर्ट प्रिव्ह्यूकडे बघतसुद्धा नाही, ते रॉ वाचतं. एक्स्पोर्ट फास्ट हवं असेल तर रॉ एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर, ठेवा आणि ग्राफिक्स कार्ड बरं असेल तर परफॉर्मन्स सेटिंगमध्ये ते एक्स्पोर्टसाठी चालू करा, ही सोय २०२२ पासून आहे.

मॅडम, माझा फोटो स्टुडिओ राजवाड्याच्या मागे आहे. एका मुंजीचा अल्बम छापून आला, लहान फोटो एकदम कडक पण पानभर मोठे जे टाकले ते सगळे मऊ मऊ, फोकस गेल्यासारखे. कॅमेऱ्यात झूम करून बघितलं तर फोकस बरोब्बर आहे. लॅबवाला म्हणतो तुमच्या फाइलीच तशा आल्या. गिऱ्हाईक आमच्याच गल्लीतलं, तोंड दाखवायची पंचाईत झाली आहे. चूक कोणाची?

तुम्ही प्रश्नातच खाली एक ओळ लिहिलीये की एक्स्पोर्ट घरी बसून लॅपटॉपवर केलं आणि फोटोंची हार्ड डिस्क दुकानात होती. तिथेच सगळं उत्तर आहे. तुमच्या फाइली रॉमधून निघालेल्याच नाहीत, त्या स्मार्ट प्रिव्ह्यूमधून निघाल्यात.

स्मार्ट प्रिव्ह्यू ही लाइटरूम ५ मध्ये म्हणजे २०१३ ला आलेली सोय आहे आणि मला स्वतःला ती फार आवडते. रॉची एक छोटी आवृत्ती बनवून कॅटलॉगशेजारी ठेवली जाते, लांब बाजू जास्तीत जास्त २५६० पिक्सेल. साध्या प्रिव्ह्यूसारखा हा जेपीजी नसतो, हा आकसलेला डीएनजी, म्हणजे ॲडोबीचा रॉचा प्रकार, असतो, म्हणून हार्ड डिस्क जोडलेली नसतानाही तुम्ही एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, मास्क, सगळं करू शकता आणि डिस्क जोडली की तेच एडिट मूळ फोटोला लागू होतं. ट्रेनमध्ये बसून अख्खं लग्न एडिट करता येतं. पण डिस्क नसताना एक्स्पोर्ट केलंत तर लाइटरूमकडे २५६० पिक्सेलच आहेत, त्याहून जास्त ते आणणार कुठून. ते तसं सांगतंही, एक सूचना येते, पण रात्री दोन वाजता कामाच्या घाईत सूचना वाचतो कोण, ओके दाबून मोकळे होतो.

आता हिशोब करा. तुमचा अल्बम उघडल्यावर १२ बाय ३६ चा, म्हणजे एक पान १२ बाय १८ इंच. ३०० पीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलने, छापायचं तर त्या पानाला ३६०० बाय ५४०० पिक्सेल हवेत. तुमच्या फाइलीत लांबी २५६०. अठरा इंचांत २५६० पसरले की इंचाला १४२ येतात, अर्ध्याहूनही कमी. आणि छोटे फोटो कडक का आले, तर ३०० ने २५६० पिक्सेल साडेआठ इंचांपर्यंत पुरतात, म्हणून पानावर चार-चार लावलेल्या फोटोंत काही कळलंच नाही. लॅबवाल्याची यात काही चूक दिसत नाही मला, त्यांना आलं ते त्यांनी छापलं.

कसं ओळखायचं? डेव्हलपमध्ये, म्हणजे लाइटरूमच्या एडिट करायच्या भागात, उजवीकडे हिस्टोग्रामच्या (उजेड-अंधाराच्या आलेखाच्या) अगदी खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ओरिजिनल फोटो, किंवा ओरिजिनल प्लस स्मार्ट प्रिव्ह्यू, किंवा नुसतंच स्मार्ट प्रिव्ह्यू. नुसतं स्मार्ट प्रिव्ह्यू दिसलं की छपाईसाठी एक्स्पोर्ट करायचंच नाही, असा नियमच करा आणि मुलांनाही सांगून ठेवा. फेसबुक, इन्स्टाला टाकायचे असतील तर खुशाल करा, तिथे २५६० भरपूर झाले. दुसरी खूण एक्स्पोर्ट झाल्यावरची, एखाद्या फाइलवर राइट क्लिक करून डायमेन्शन बघा, २४ मेगापिक्सेलच्या न कापलेल्या फोटोची लांब बाजू ६००० ऐवजी २५६० आली तर तिथेच थांबा. आणि शार्पनेस, नॉइज (दाणेदारपणा) यांचा निर्णयसुद्धा स्मार्ट प्रिव्ह्यूवर घेऊ नका, जो पिक्सेल तिथे नाहीच त्याचा नॉइज दिसणार कसा, डिस्क जोडून शंभर टक्क्यांवर बघूनच घ्या.

डिस्क जोडली आणि तरी फोल्डरवर प्रश्नचिन्ह आलं तर घाबरून परत इम्पोर्ट करू नका, एडिट दिसेनासे होतील. विंडोजने ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असतं, ई ची एफ झालेली असते. त्या फोल्डरवर राइट क्लिक, फाइंड मिसिंग फोल्डर, नवीन जागा दाखवा, झालं.

गिऱ्हाइकाचं म्हणाल तर दुकानात डिस्क लावून मोठी पानंच परत एक्स्पोर्ट करा आणि तेवढीच पानं छापून मिळतात का ते लॅबला विचारा, आणि त्या घरी जाऊन सरळ सांगा की फाइल छोटी गेली होती. मुंज परत होत नाही, अल्बम पन्नास वर्षं बघितला जातो, तिथे खर्चाकडे बघू नका असं मला मनापासून वाटतं.

ताई मी कॉलेजला आहे. गेरचे फोटो काढले, राजवाड्यासमोर, गुलाल उडतोय, टँकरमधून पाणी उडतंय, कॅमेऱ्यावर एकदम जबरदस्त. लाइटरूममध्ये टाकले तर आधी तसेच दिसतात आणि एका सेकंदात फिक्के होतात!! प्रत्येक फोटोला असंच. सॉफ्टवेअर माझे कलर खातंय का?

नाही खात. तुला पहिला सेकंदभर जे दिसतं ते कॅमेऱ्याचं काम आहे आणि नंतर जे दिसतं ते लाइटरूमचं.

प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेला एक जेपीजी असतो, एम्बेडेड प्रिव्ह्यू म्हणतात त्याला. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर तू जो फोटो बघतोस तो तोच. त्यात कॅमेऱ्याची स्टाइल लागलेली असते, व्हिव्हिड ठेवलं असशील तर लाल, पिवळा एकदम भडक, वर कॉन्ट्रास्ट, निकॉनचं ॲक्टिव्ह डी-लायटिंग किंवा कॅननचं ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर चालू असेल तर सावल्याही उजळलेल्या. लाइटरूम सुरुवातीला हा जेपीजी दाखवतं कारण तो तयार असतो, मग रॉ वाचून स्वतःचा प्रिव्ह्यू बनवतं, आणि त्याला तुझ्या कॅमेऱ्याच्या सेटिंगशी देणंघेणं नसतं, ते आपलं ॲडोबी कलर नावाचं प्रोफाइल लावतं जे मुद्दाम थोडं संयमी ठेवलेलं आहे.

उपाय सोपा. डेव्हलपमध्ये बेसिक पॅनलच्या वरती प्रोफाइल लिहिलेलं आहे तिथे कॅमेरा मॅचिंग नावाचा गट असतो, त्यातून कॅमेरा व्हिव्हिड नाहीतर कॅमेरा स्टँडर्ड निवड, बराचसा फरक तिथेच भरून निघतो. दरवेळी करायचा कंटाळा असेल तर प्रेफरन्सेसमध्ये प्रिसेट्सखाली रॉ डिफॉल्ट कॅमेरा सेटिंग्ज करून टाक. हुबेहूब कॅमेऱ्यासारखंच हवं असेल तर निकॉनचं एनएक्स स्टुडिओ आणि कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल दोन्ही फुकट आहेत, ते कॅमेऱ्याच्या सगळ्या सेटिंग्ज ओळखतात.

पण माझं ऐकशील तर गेरच्या फोटोंना त्या भडक प्रिव्ह्यूच्या मागे लागू नकोस. तुझ्या पाठवलेल्या फोटोंपैकी तो ज्यात एक काका तोंडावर गुलाल घेऊन हसतायत, त्यात कॅमेऱ्याच्या जेपीजीत त्यांचा डावा गाल म्हणजे एक सपाट लाल ठिगळ झालाय, कातडी, सुरकुत्या, दाढीचे खुंट काही नाही. फिक्क्या वाटणाऱ्या रॉमध्ये बघ झूम करून, गुलालाचे कण वेगळे दिसतात, भुवईत अडकलेले, कानाच्या पाळीवर घामाने ओघळलेले. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपीजीत फक्त २५६. एवढा माल तुझ्याकडे आहे, तो हळूहळू वर आण, लाल रंगाचं सॅच्युरेशन वाढवायच्या आधी ल्युमिनन्स (उजळपणा) थोडा कमी करून बघ, गुलाल गडद होईल पण ठिगळ होणार नाही.

मॅडम, बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो पुण्याच्या मावशीला व्हॉट्सॲपवर पाठवले तर ती म्हणते धुरकट आहेत, मी तर क्वालिटी शंभर ठेवूनच एक्स्पोर्ट केले होते. (एक वाचिका, सुदामा नगर)

तुमचं एक्स्पोर्ट चांगलंच असणार, व्हॉट्सॲपने वाटेत परत दाबलं. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो ते लहानही करतं आणि कॉम्प्रेसही करतं. ऑगस्ट २०२३ पासून पाठवताना एचडी निवडता येतं, त्याने बराच फरक पडतो पण तेही मूळ नाही. मूळ फाइलच पोचवायची तर अटॅचमधून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, त्यात पिक्सेलही बदलत नाही. मावशींना फक्त मोबाइलवर बघायचे असतील तर लांब बाजू २०४८ पिक्सेल, क्वालिटी ८०, कलर स्पेस एसआरजीबी (ते काय ते पुढच्या उत्तरात), आउटपुट शार्पनिंग स्क्रीनसाठी, असे वेगळे एक्स्पोर्ट करून एचडीने पाठवा, शंभर क्वालिटीची अवजड फाइल मोबाइलला नको असते. आणि मावशी ते छापून फ्रेम करणार असतील तर डॉक्युमेंटच.

ताई, माझं बुटीक आहे, महेश्वरी साड्या विकते आणि फोटो स्वतःच काढते, एडिटही स्वतःच. राणी कलरची साडी, स्क्रीनवर बघितली की जिवंत, एक्स्पोर्ट केली की वेबसाइटवर मेल्यासारखी नाहीतर नुसता गुलाबी डाग, काठाची वीणच दिसत नाही. गिऱ्हाईक परत पाठवतं, म्हणतं फोटोत वेगळी होती. आता मी राणी कलर विकणंच बंद करू का?

अहो नका बंद करू, महेश्वरीत राणी कलर नाही तर काय राहिलं! यात दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्हाला दोन्ही दिसतायत.

'मेल्यासारखी' होते ते कलर स्पेसमुळे, म्हणजे फाइलीत किती रंग मावतात त्या हद्दीमुळे. एक्स्पोर्टच्या खिडकीत फाइल सेटिंगमध्ये कलर स्पेस बघा, तिथे ॲडोबी आरजीबी किंवा प्रोफोटो असणार. या मोठ्या कलर स्पेस, जास्त रंग मावतात, एडिट करताना फायद्याच्या. पण बऱ्याच वेबसाइट अपलोड झाल्यावर फाइलमधलं प्रोफाइल काढून टाकतात, आणि काही ॲप ते वाचतच नाहीत, मग तेच आकडे एसआरजीबी समजून दाखवले जातात आणि साडी राखाडी पडते. एसआरजीबी हे १९९६ ला एचपी आणि मायक्रोसॉफ्टने ठरवलेलं माप, साध्या स्क्रीन आणि वेब आजही तेच धरून चालतात. वेबसाठी कायम एसआरजीबीच, इथे दुसरा विचार करूच नका.

आता 'गुलाबी डाग'. तुमचा राणी कलर एसआरजीबीच्या हद्दीबाहेर जातो. फोटो एकंदरीत नीट दिसतो, हिस्टोग्रामही नीट, पण लाल चॅनल एकटा २५५ ला, म्हणजे कमाल आकड्याला, जाऊन थडकलेला असतो, आणि काठात जो धागा जरा उजळ आहे आणि जो जरा गडद आहे त्या दोघांचा लाल सारखाच २५५ होतो, म्हणून वीण पुसली जाते. हे एक्स्पोर्टनंतर कळून उपयोग नाही, आधी कळलं पाहिजे, त्यासाठी सॉफ्ट प्रूफिंग, म्हणजे एक्स्पोर्टनंतर रंग कसे दिसतील ते आधीच बघायची सोय, आहे आणि मला वाईट वाटतं की ते २०१२ पासून लाइटरूममध्ये असून आपल्याकडे फारसं कोणी वापरत नाही. डेव्हलपमध्ये असताना कीबोर्डवरचं एस दाबा, मागची जागा पांढरी होईल, उजवीकडे प्रोफाइलला एसआरजीबी निवडा. आता हिस्टोग्रामच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातली खूण दाबली की साडीचा जो भाग हद्दीबाहेर आहे तो लाल रंगाने भरून दिसेल. क्रिएट प्रूफ कॉपी करा म्हणजे मूळ एडिट सुरक्षित राहील, आणि मग कलर मिक्सरमध्ये मॅजेन्टा आणि रेडचं सॅच्युरेशन हळूहळू खाली आणा, एकीकडे काठाला शंभर टक्के झूम करून ठेवा. एका टप्प्यावर वीण परत दिसायला लागते, काठावर रुईफुलाची नक्षी असेल तर तिचा आकार उमटतो, तिथे थांबा. रंग खऱ्यापेक्षा किंचित शांत वाटेल, पण गिऱ्हाईक पोत बघून विश्वास ठेवतं. वर्णनात एक ओळ लिहा की प्रत्यक्ष रंग जास्त गडद राणी आहे, आणि जमलं तर दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी पदर धरून काढलेला एक साधा फोटो सोबत टाका. स्क्रीनचा ब्राइटनेसही पूर्ण ठेवून एडिट करू नका, त्याने सगळाच अंदाज चुकतो.

दीदी, लाइटरूमचे महिन्याचे पैसे परवडत नाहीत म्हणून डार्कटेबल घेतलं, छान आहे, पण प्रत्येक फोटोशेजारी एक्सएमपी नावाची फाइल तयार होते. कचरा समजून उडवल्या तर चालतील?

अजिबात नको. डार्कटेबलमध्ये तुमचं सगळं एडिट त्या चिमुकल्या एक्सएमपी फाइलीत लिहिलेलं असतं, काही केबीची तर फाइल. फोटो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करताना त्याही बरोबर न्या, मग तिकडच्या डार्कटेबलमध्ये एडिट जसंच्या तसं उघडतं. जागा करायची असेल तर थंबनेलची कॅश उडवा, ती परत बनते. आणि एक्स्पोर्टमध्ये हाय क्वालिटी रिसॅम्पलिंगला यस ठेवा, वेळ थोडा जास्त लागतो पण लहान फाइल स्वच्छ येते.

लाइटरूमवाल्यांनीही यातून घेण्यासारखं आहे, त्यांच्याकडे एक्सएमपी आपोआप लिहिणं मुळात बंद असतं, कॅटलॉग सेटिंग्जमध्ये मेटाडेटाखाली चालू करता येतं. कॅटलॉग बिघडलाच तर बरंचसं एडिट फोटोशेजारी वाचलेलं राहतं.

मुलीचा परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म भरायचाय, फोटो पन्नास केबीच्या आत मागतात. लाइटरूममध्ये लिमिट फाइल साइझला पन्नास टाकलं तर एररच येते.

कारण ते फक्त क्वालिटी कमी करत जातं, पिक्सेल तेवढेच ठेवतं, आणि ६००० पिक्सेलचा फोटो पन्नास केबीत बसणारच नाही. आधी रिसाइझ टू फिट चालू करून फॉर्ममध्ये सांगितलेलं माप टाका, माप दिलं नसेल तर रुंदी ४००च्या आसपास, मग लिमिट पन्नास. लगेच होईल. मागची भिंत साधी पांढरी असेल तर आणखी सोपं जातं.

आयुष्मती, मी रामबागेत राहतो, वय अठ्ठ्याहत्तर. आजोबांपासूनचे फोटो आहेत, होळकरांच्या काळातले, काही पुठ्ठ्यावर चिकटवलेले. नातवाने स्कॅनर आणून दिला आहे. मी जेपीजीत स्कॅन करून रोज थोडे थोडे दुरुस्त करतो, डाग काढतो, सेव्ह करतो, दुसऱ्या दिवशी परत उघडून पुढे करतो. एकजण म्हणाले जेपीजी नुसता उघडला तरी खराब होत जातो. हे खरे काय? मग मी इतके दिवस आजोबांचे फोटो खराब करीत होतो काय?

काका, सादर नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी मनातली भीती काढून टाका, जेपीजी नुसता उघडून बघितल्याने, कॉपी केल्याने, पेनड्राइव्हवर घातल्याने काहीही होत नाही. बदल करून परत जेपीजीतच सेव्ह केलं की मात्र दर वेळी थोडी झीज होते, कारण जेपीजी फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून प्रत्येकातला बारीक तपशील थोडा टाकून देतो आणि दर सेव्हला हे नव्याने होतं. आठदहा दिवसांत चांगल्या क्वालिटीवर झालेलं नुकसान डोळ्याला दिसणारही नाही. आणि मूळ फोटो तुमच्या कपाटात आहेत, परत स्कॅन करता येतील, तेव्हा काळजी नको.

यापुढे एवढं करा. स्कॅन टिफमध्ये करा, ६०० डीपीआयवर, फोटो काळा-पांढरा असला तरी कलरमध्येच, कारण जुन्या फोटोंचा पिवळसरपणा आणि डाग कलरमध्ये वेगळे ओळखू येतात आणि काढायला सोपे जातात. चार बाय सहाचा फोटो यात २४०० बाय ३६०० पिक्सेल येतो, फाइल साधारण २६ एमबीची होते, मोठी वाटेल पण हीच तुमची नवी निगेटिव्ह आहे. तिला 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिच्यावर काही करू नका. डाग काढायचं काम तिच्या कॉपीवर, फोटोशॉपमध्ये असाल तर पीएसडी किंवा टिफमध्येच सेव्ह करत राहा, किती दिवस चालू दे, झीज शून्य. काम संपलं की शेवटी एकदाच जेपीजी काढा, तो नातेवाइकांना वाटायला.

फोटोशॉपच्या सेव्ह ॲजमध्ये जेपीजीचा पर्याय सापडत नसेल तर नातवाला सांगा, लेयर असलेल्या फाइलीसाठी तो २०२१ पासून सेव्ह अ कॉपीमध्ये गेलाय.

पुठ्ठ्यावरचे फोटो सोलून काढायचा प्रयत्न कृपा करून करू नका, पुठ्ठ्यासकट स्कॅन करा आणि मागची बाजूही स्कॅन करा. त्या काळचे स्टुडिओ आपलं नाव पुठ्ठ्यावर छापत असत. त्या काळचे नामवंत फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांनी १८७४ मध्ये फोटोग्राफी सुरू केली ती इथे इंदूरला नोकरीत असतानाच, तेव्हा आपल्या गावच्या जुन्या घरांतल्या पेट्यांमधून काय निघेल सांगता येत नाही. पुठ्ठ्यावर काही छापलेलं, लिहिलेलं दिसलं तर मला जरूर कळवा.

आणि फोटोतल्या माणसांची नावं तुम्हाला माहीत आहेत तोवर ती फाइलीत लिहून ठेवा. लाइटरूममध्ये किंवा ॲडोबी ब्रिजमध्ये, जे फुकट आहे, प्रत्येक फोटोला कॅप्शन लिहायची जागा असते, ते लिहिणं फाइलीच्या आत बसतं (लाइटरूममध्ये मेटाडेटा मेनूतून सेव्ह मेटाडेटा टू फाइल केल्यावर) आणि पिक्सेलला धक्का लागत नाही. शेवटचा जेपीजी काढताना एक्स्पोर्टमध्ये मेटाडेटाला, म्हणजे फोटोसोबतच्या माहितीला, ऑल मेटाडेटा ठेवा, नुसतं कॉपीराइट ओन्ली राहिलं तर तुम्ही मेहनतीने लिहिलेली नावं त्या कॉपीतून गळून जातील. नातवाला शेजारी बसवून पहिली दहा नावं लिहून घ्या, मराठीत लिहिलेली चालतात.